वरच्या दाढेची भूल: सुई, स्प्रे आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून पुढं गेले होते, की वरच्या जबड्यातल्या दाताला आपण भुलीचं इंजेक्शन म्हणून जे देतो त्यात एक औषध नसतं, दोन असतात, एक बधिर करणारं आणि दुसरं त्याला तिथंच धरून ठेवणारं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. निपाणीपासून खानापूरपर्यंत वरच्या दाढेनं लोकांना चांगलंच छळलेलं दिसतंय. तर या वेळचं सदर सगळं तेवढ्यावरच. पत्रातली भाषा जशी आली तशीच ठेवलीय, ती गुळगुळीत करायची नाही असं मी संपादकांना आधीच सांगून ठेवलंय.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझी मावसबहीण अमेरिकेत असती. ती सांगितली की तिकडं वरच्या दाताला सुई न टोचता नाकात स्प्रे मारून भूल देतात. मी लई दिवस झालं फिलिंग पुढं ढकलूलालोय, कारण एकच, सुई. ह्यो स्प्रे बेळगावात गावतोय काय? आणि नाकात मारलं तर दात कसा बधिर होतोय हे काय मला कळंना.
(एक वाचक, वडगाव)

उत्तर: बहीण सांगतेय तसा स्प्रे निघाला होता खरा. कोव्हानेझ त्याचं नाव, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१६ च्या जूनमध्ये त्याला मान्यता दिली, पण पुढं तो तिकडं पण बाजारातून गेला. त्यात दोन औषधं आहेत, टेट्राकेन ३ टक्के आणि ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के. टेट्राकेन बधिर करतं. ऑक्सिमेटाझोलिन तुम्ही ओळखता, फक्त नाव माहीत नसेल, नाक चोंदलं की मेडिकलमधून जे थेंब आणतो त्यातल्या काहींत तेच असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि त्यामुळं टेट्राकेन रक्तात वाहून न जाता जागेवर टिकतं. म्हणजे जोडी तीच, मी मागच्या वेळी म्हटलेली, एक बधिर करणारं, एक धरून ठेवणारं. इंजेक्शनमध्ये ती लिग्नोकेन आणि ॲड्रेनलिनची असते, स्प्रेमध्ये ह्या दोघांची.

आता नाकाचा संबंध. वरच्या पुढच्या दातांच्या नसा डोळ्याच्या खालून निघतात आणि जबड्याच्या हाडातून, नाकाच्या बाजूच्या भिंतीला जवळजवळ चिकटून खाली उतरतात, मधलं हाड पातळ असतं, त्यामुळं नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून औषध तिथंपर्यंत मुरू शकतं. पण ह्यातच त्या स्प्रेची मर्यादा पण आली. तो फक्त वरच्या पुढच्या दहा दातांसाठी आहे, म्हणजे एका बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या उपदाढेपर्यंत (उपदाढा म्हणजे सुळ्याच्या मागच्या दोन छोट्या दाढा). त्याच्या मागच्या दाढांच्या नसा जबड्याच्या पाठीमागून येतात, तिथं नाकातला फवारा पोचायचा नाही. खालच्या जबड्याचं तर नावच काढू नका. शिवाय तो फिलिंगसारख्या कामासाठी आहे, दात काढण्यासाठी नाही.

वापरायची पद्धत पण वाटते तेवढी झटपट नाही. दुखणारा दात ज्या बाजूचा त्याच बाजूच्या नाकपुडीत दोन फवारे, मधे चार-पाच मिनिटं, मग दहा मिनिटं थांबून दात बधिर झालाय का ते बघायचं, मोठ्या माणसाला नाहीच झाला तर तिसरा फवारा. वजन ४० किलोच्या खाली असेल तर द्यायचाच नाही, म्हणजे ज्या लहान पोरांना सुईची सगळ्यात जास्त भीती त्यांच्याच कामाचा नाही! नाक गळणं, नाक चोंदणं, डोळ्यातून पाणी, घशात बधिरपणा, कधी बीपी चढणं हे त्याचे त्रास. ज्यांचं बीपी ताब्यात नाही, थायरॉईड ताब्यात नाही, ज्यांच्या नाकातून सारखं रक्त येतं, त्यांच्यासाठी नाही. आणि स्प्रेची इंजेक्शनशी तुलना करून बघितली गेली तेव्हा दात पक्का बधिर करण्यात साधी सुईच पुढं राहिली, हे पण बहिणीला कळवा.

बेळगावात मिळतो का, तर मी तो आजवर वापरलेला नाही आणि इकडं कुणा डेंटिस्टच्या टेबलावर बघितलेला पण नाही. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते कारण आपल्याकडं असले प्रयोग होतात: घरातले सर्दीचे थेंब नाकात टाकून दात बधिर होत नाही, त्यात टेट्राकेन नसतंच. उलट ते थेंब तीन-पाच दिवसांच्या वर टाकत राहिलात तर नाक आणखीनच चोंदायला लागतं.

तुमच्या भीतीचं सांगू का, तुमचा दात वरचा आहे हे नशीब समजा. वरच्या पुढच्या दाताला गालाच्या बाजूनं दिलेलं इंजेक्शन हे तोंडातल्या सगळ्यात सोप्या इंजेक्शनांपैकी एक. डॉक्टरांना आधी सांगा की मला सुईची भीती वाटते, लाजू नका, मग ते जागा कोरडी करून बधिर करणारी जेल एक-दोन मिनिटं लावून ठेवतील, बारीक सुई घेतील आणि औषध सावकाश सोडतील. दुखतं ते टोचण्यापेक्षा औषध घाईनं ढकलण्यानं जास्त. फिलिंग पुढं ढकलत बसलात तर उद्या रूट कॅनॉल होईल आणि त्याला सुई चुकत नाही.

प्रश्न: माझी वरची मोठी दाढ काढली. बाहेरून दोन इंजेक्शनं दिली तरी कळ येतच होती, मग आत टाळूत एक दिलं तेव्हा तर जीव गेल्यागत झालं. शेजारच्या वैनीची वरची दाढ एका फटक्यात निघाली म्हणे. माझ्या अंगाला भूल लागत नाही काय? आमच्या सासूबाई म्हणतात रक्तच तसलं आहे.
(एक गृहिणी, खानापूर)

उत्तर: ताई, रक्ताचा काही दोष नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरच्या आणि खालच्या जबड्याच्या हाडात मोठा फरक आहे. वरचं हाड आपल्या खानापूरच्या लाल मातीसारखं, वरून पाणी ओतलं की मुरत खाली जातं, आणि खालचं काळ्या पाषाणासारखं. म्हणून वरच्या दाताला मुळाच्या टोकाजवळ गालाच्या बाजूनं औषध सोडलं की ते हाडातून मुरून नसेपर्यंत पोचतं, आणि खालच्या दाढेला मात्र मागं जाऊन जबड्यात शिरणारी अख्खी नस गाठावी लागते. पण वरच्या पहिल्या मोठ्या दाढेपाशी एक अडचण असते, तिथं गालफडाच्या हाडाचा पाया येऊन टेकतो, तेवढ्या पट्ट्यात हाड जाड असतं. त्यात त्या दाढेला मुळं तीन, दोन गालाकडं, एक टाळूकडं, आणि गालाकडच्या पुढच्या मुळाला बऱ्याचदा वेगळ्याच फांदीतून नस येते. म्हणजे एक दाढ, पण तिला बधिर करायचं म्हणजे दोन-तीन ठिकाणी दार वाजवावं लागतं.

टाळूचं इंजेक्शन का दुखतं? गालाच्या आतलं कातडं सैल असतं, औषधाला पसरायला जागा असते, टाळूचं कातडं हाडाला घट्ट चिकटलेलं, तिथं पाव मिली औषध जरी घातलं तरी ते जागा करून घेताना दाब येतो आणि तोच दाब ठणकतो. पण टाळूच्या बाजूच्या हिरडीची नस वेगळी आहे, ती बाहेरच्या इंजेक्शननं बधिर होत नाही, आणि दाढ काढायची म्हणजे ती हिरडी सोडवावीच लागते. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं हे बरोबरच केलं. कमी दुखवायचे उपाय आहेत, आधी त्या जागी कापसाच्या बोळ्यानं किंवा हत्याराच्या मुठीनं जोरात दाबून धरायचं, जेल लावायची, बाहेरचं इंजेक्शन देऊन चांगलं थांबायचं आणि मग दोन दातांच्या मधल्या हिरडीतून हळूहळू टाळूकडं औषध सरकवत न्यायचं. त्याला वेळ लागतो. ज्या दवाखान्यात बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असतात तिथं तो वेळ मिळत नाही, हे पण खरं आहे, आणि ह्यात डॉक्टर आणि पेशंट दोघंही अडकलेले असतात.

आता मुख्य कारण, जे तुमच्या पत्रात नाही पण मी अंदाजानं विचारते: दाढेला पू झाला होता का? सूज होती का? भुलीचं औषध बाटलीत असतं तेव्हा त्याचे बहुतेक कण विद्युतभारित अवस्थेत असतात, शरीरात गेल्यावर त्यातला काही भाग भार सोडतो, आणि तो भार सोडलेला भागच नसेच्या आवरणातून आत शिरू शकतो. निरोगी जागेचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा, ७.४ च्या आसपास असतो, तिथं हे बरं जमतं. पू झालेली जागा आम्लधर्मी होते, पीएच खाली येतो, मग आत शिरण्याजोगा भाग एकदम कमी उरतो. शिवाय तिथं रक्तपुरवठा वाढलेला असतो, औषध लवकर वाहून जातं, आणि सुजलेली नस स्वतःच चिडलेली असते. म्हणजे औषध तेच, डॉक्टर तेच, माणूस तेच, पण तीन आठवड्यांपूर्वी जी दाढ एका सुईत निघाली असती ती आता निघत नाही.

अशा वेळी त्याच जागी आणखी आणखी औषध ओतून उपयोग नसतो. पुवाच्या जागेपासून लांब, नस जिथून येते तिथं मागं किंवा डोळ्याखाली इंजेक्शन द्यायचं, दाताच्या आणि हाडाच्या मधल्या फटीत थोडं द्यायचं, पू बाहेर काढून द्यायचा आणि गरज पडली तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलायचं. शेजारच्या वैनीची दाढ बहुतेक साधी हलणारी किंवा नुसती किडलेली होती, तुमची पिकलेली. बाकी काही नाही.

प्रश्न: मी सेवानिवृत्त शिक्षक, बीपीची गोळी चालू, मागं छातीची तपासणी झालेली. दाढेचं इंजेक्शन दिल्याबरोबर छाती धडधडाया लागली, हात कापायला लागले, मला वाटलं आता अटॅकच. एकजण सांगितले की ॲड्रेनलिन नसलेलं इंजेक्शन मागून घ्या. मागावं काय?
(एक वाचक, संकेश्वर)

उत्तर: सर, धडधड झाली ती खरी, भास नव्हे. इंजेक्शनमधलं ॲड्रेनलिन थोडं जरी पटकन रक्तात गेलं तरी एक-दोन मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात, आणि मग ओसरतं. पण म्हणून ॲड्रेनलिन नकोच असं म्हणणं घाईचं होईल, कारण दुसरी बाजू अशी की ॲड्रेनलिन नसेल तर साधं लिग्नोकेन रक्तवाहिन्या सैल करतं, स्वतःच पटापट वाहून जातं, दाताची भूल काही मिनिटांत उतरते, आणि अर्ध्या कामात कळ आली की तुमच्या स्वतःच्या शरीरातल्या ग्रंथी जे ॲड्रेनलिन सोडतात ते त्या इंजेक्शनातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. हृदयाच्या माणसाला खरा धोका दुखण्याचा आणि घाबरण्याचा.

म्हणून आम्ही मधला मार्ग धरतो. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत २ टक्के लिग्नोकेन आणि १:८०,००० ॲड्रेनलिन असतं, म्हणजे एका मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला एका वेळी साधारण ४० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं असा संकेत आहे, म्हणजे ह्या बाटलीतलं तीन मिलीच्या आसपास झालं. वरच्या एका दाताला एवढं सहसा लागत पण नाही, बाहेरून एक-दीड मिली आणि टाळूला थोडंसं, झालं काम. १:२,००,००० चं पण औषध येतं, त्यात मिलीला पाचच मायक्रोग्रॅम. सुई रक्तवाहिनीत नाही ना हे आधी दट्ट्या मागं ओढून बघायचं आणि सावकाश सोडायचं, एवढ्यानं धडधडीचं प्रमाण खूप खाली येतं.

तुम्ही मागायचं ते हे नाही, सांगायचं ते हे: सगळ्या गोळ्यांची नावं. पत्रात तुम्ही नुसतं "बीपीची गोळी" लिहिलंय, ते आम्हाला पुरत नाही. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन असेल तर फार चिंता नसते, पण प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ॲड्रेनलिनबरोबर बीपी एकदम चढू शकतं, मग आम्ही बेत बदलतो. डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्यांचं पण तसंच. गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन या, चिठ्ठी नसली तरी चालतं, कानडीत छापलेली असली तरी चालते. आणि दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करून येऊ नका, हा उद्योग आपल्याकडं फार होतो! एका साध्या दाढेसाठी ॲस्पिरिन बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही, पण ते तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि डेंटिस्ट बोलून ठरवतील. त्या दिवशीचं बीपी १८०/११० च्या वर असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढं ढकललेलंच बरं.

प्रश्न: आमच्या बहिणीला गडहिंग्लजला काचेच्या बारक्या नळीतलं इंजेक्शन दिले, ४ टक्केवालं. मला इकडं बाटलीतून साध्या सिरिंजनं, २ टक्के. म्हणजे तिला डबल पॉवरचं आणि मला हलकं असं झालं काय?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: नाही हो. टक्के वेगवेगळ्या औषधांचे असतात, त्यांची सरळ तुलना होत नाही. बहिणीला बहुधा आर्टिकेन दिलं असणार, ४ टक्के आणि सोबत १:१,००,००० किंवा १:२,००,००० ॲड्रेनलिन. हे औषध १९७६ पासून जर्मनीत वापरात आहे, अमेरिकेत २००० मध्ये आलं. त्याची रचना अशी की ते चरबीत जास्त सहज विरघळतं आणि हाडात चांगलं मुरतं, म्हणून वरच्या दाताला कधी कधी बाहेरच्या एकाच इंजेक्शनवर टाळूची बाजू पण बऱ्यापैकी बधिर होते आणि टाळूची सुई वाचते. कधी कधी, नेहमी नाही. रक्तात गेल्यावर ते लिग्नोकेनपेक्षा लवकर मोडतं, ही पण एक चांगली गोष्ट.

लिग्नोकेनला कमी लेखू नका पण. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेननं ते बनवलं, १९४८ ला बाजारात आलं, आणि आज पण आमच्या दहापैकी बहुतेक कामांना तेच पुरतं. त्याच्या कितीतरी आधी डॉक्टर लोक कोकेन वापरायचे! १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं डोळ्यासाठी ते वापरलं, लगेच अमेरिकेत हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं जबड्याची नस बधिर करून दाखवली, आणि प्रयोग करता करता स्वतःच त्याच्या व्यसनात अडकला. ते वाचलं की आपल्या तीस मिलीच्या साध्या बाटलीबद्दल मला आदरच वाटतो.

नळीचा फायदा आहे तो स्वच्छतेचा आणि मोजमापाचा, एक नळी म्हणजे १.७ किंवा १.८ मिली, एका पेशंटची एकच, उरलं तर फेकायचं. बाटली अनेक वेळा उघडली जाते म्हणून त्यात टिकवणारं रसायन घालावं लागतं आणि दर वेळी नवी सिरिंज, नवी सुई घेतलीच पाहिजे. ते तुमच्या डोळ्यासमोर पाकीट फोडून घेतात का एवढं बघा, बाकी बाटलीत काही कमीपणा नाही.

ह्याच पत्रात आणखी विचारलंय की दोन भुली मिसळून देतात ते काय. अक्कलदाढेसारखं मोठं काम असलं तर काही जण लिग्नोकेन देऊन वर ब्युपिव्हकेन देतात, पहिलं लवकर चढतं, दुसरं चढायला वेळ घेतं पण ओठ-गाल पाच-सात तास बधिर ठेवतं, त्यामुळं घरी जाऊन पहिली रात्र सुसह्य जाते. एकाच सिरिंजमध्ये मिसळायचं मला स्वतःला पटत नाही, दोन्ही पातळ होतात. आणि विषारीपणाची बेरीज होते हे विसरायचं नाही, दोन औषधं आहेत म्हणून दोघांचा पूर्ण डोस घ्यायची मुभा नसते.

प्रश्न: मी विड्या वळते, लहानपणापासनं मिश्री लावते. वरच्या दाढेत कळ आली की मिश्री किंवा लवंगाचं तेल दाबून ठेवते, बरं वाटतं. आता तोंड पण पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की आग होते. डॉक्टर म्हणतात तोंडच उघडत नाही तर दाढ कशी काढायची.
(निपाणी भागातली वाचक)

उत्तर: आक्का, तुमच्या पत्रात दाढ ही दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. तोंड न उघडणं, तिखटानं आग होणं, ह्याची तपासणी ह्याच आठवड्यात करून घ्या, बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथं तोंड तपासणारा वेगळा विभागच असतो आणि खर्च पण बाहेरपेक्षा कमी येतो. तुम्ही सुपारी किंवा गुटखा खाता का ते लिहिलेलं नाही. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं दोरीसारखं घट्ट होतं आणि तो प्रकार पुढं कॅन्सरकडं झुकू शकतो. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यानं तोंडात पांढरे चट्टे पण येतात. निपाणीच्या अर्ध्या घरांची चूल तंबाखूवर चालते, त्यामुळं "सोडा" म्हणणं मला सोपं आणि तुम्हाला अवघड हे मी जाणते, वळणं पोटासाठी आहे, लावणं तरी थांबवा.

लवंगाच्या तेलात युजेनॉल असतं, ते थोडा वेळ नस शांत करतं हे खरं, पण हिरडीवर सारखं दाबून ठेवलं तर हिरडी भाजते. मिश्रीनं कळ थांबल्यासारखी वाटते, किडीचं काही होत नाही.

दाढेचं म्हणाल तर ती वरची असल्यामुळं जमण्यासारखं आहे. खालच्या दाढेच्या इंजेक्शनला तोंड मोठं उघडावं लागतं, वरच्याला गाल बाजूला सरकवून, तोंड थोडंच उघडं असलं तरी बाहेरून औषध देता येतं, उलट तोंड थोडं मिटलेलं असलं की गाल सैल पडतो आणि सोयीचं होतं. टाळूकडचं मात्र अवघड जाईल आणि दाढेवर हत्यार लावायला पण जागा लागते, म्हणून हे काम जबड्याच्या सर्जनकडंच करून घ्या.

प्रश्न: माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या वरच्या दाताचं काम केलं, घरी आल्यावर त्यानं ओठ चावून चावून रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजला. इंजेक्शननं इन्फेक्शन झालं का? आणि पुढच्या वेळी इंजेक्शनऐवजी मेडिकलमधली जेल लावून भागेल का?
(एक आई, टिळकवाडी)

उत्तर: इन्फेक्शन नाही, चावल्याची जखम आहे. पांढरट साल येईल, आठवडा-दहा दिवसांत भरून निघेल, व्हॅसलिन लावत राहा. दाताची भूल तासाभरात उतरते पण ओठ तीन तासांच्या वर बधिर राहू शकतो आणि मुलांना ते बधिर मऊ काहीतरी चावून बघायची गंमत वाटते. तोपर्यंत खायला देऊ नका, समोर बसवून ठेवा, मोबाइल द्यायला लागला तरी त्या दिवशी द्या, मी कुणाला सांगणार नाही.

जेलनं फक्त वरचं कातडं दोन-तीन मिलिमीटर बधिर होतं, दात नाही. आणि मुलांच्या बाबतीत जेल म्हणजे निरुपद्रवी हा गैरसमज डोक्यातून काढा. बेन्झोकेन असलेली जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नये असं एफडीएनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, कारण त्यानं रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं आणि अंगाला ऑक्सिजन नीट पोचत नाही, बाळाचे ओठ निळे पडतात. प्रिलोकेन नावाचं भुलीचं औषध जास्त झालं तरी तेच होऊ शकतं. इंजेक्शनचा डोस तरी वजनावर मोजलेला असतो, १५ किलोच्या मुलाला २ टक्के लिग्नोकेन जास्तीत जास्त ३.३ मिली, त्यापुढं नाही. जेल किती पिळली ते कोण मोजतं? म्हणून डेंटिस्टकडं गेलं की मुलाचं वजन आधी सांगा.

प्रश्न: जांबोटीकडं पाऊस लागला की दर वर्षी माझ्या वरच्या तीन-चार दाढा एकदम ठणकतात. एक्स-रेत कीड नाही.
(एक वाचक)

उत्तर: वाकल्यावर, पायऱ्या उतरताना जास्त ठणकतं का? सर्दी असते का त्या वेळी? असेल तर दाढा नव्हे, सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात, तो सुजला की सगळ्या दाढा एकदम बोलतात. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि चांगल्या दाढा काढून घेऊ नका. एकच दाढ आणि तीही गरम पाण्यानं ठणकत असेल तर मात्र परत आमच्याकडंच.

प्रश्न: मला इंजेक्शनची अलर्जी आहे, मागच्या वेळी चक्कर येऊन पडलो, घाम फुटला.
(एक वाचक, अथणी)

उत्तर: घाम, चक्कर, डोळ्यापुढं अंधारी, आडवं झाल्यावर बरं वाटणं, ही अलर्जी नव्हे, भीतीनं बीपी खाली गेलं. पुढच्या वेळी आडवं झोपवूनच इंजेक्शन द्यायला सांगा. अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, दम लागणं असं काही झालं असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा कुठलं औषध दिलं होतं ते लिहून घ्या आणि तपासणी झाल्याशिवाय परत घेऊ नका. दम्याच्या माणसांनी पण आधी सांगावं, ॲड्रेनलिन टिकवायला जे सल्फाइट घालतात त्याचा काही जणांना त्रास होतो.

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे, वरची दाढ फार दुखते. बाळाला भुलीचं काही होईल का? सासरी सगळे बाळंतपणानंतर बघू म्हणतात.
(एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर: चौथा ते सहावा महिना हाच कामाला सगळ्यात बरा काळ. लिग्नोकेन ॲड्रेनलिनसह, नेमक्या मात्रेत, गरोदरपणात वापरतात आणि ते सुरक्षित मानलं जातं. बाळाला त्रास होतो तो आईच्या अंगात पू साठून राहिल्यानं आणि दुखतंय म्हणून मनानंच घेतलेल्या गोळ्यांनी. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना एक फोन करून घ्या आणि दाढ दाखवा. खुर्चीत जरा डाव्या कुशीवर कलून बसा, चक्कर येत नाही.

प्रश्न: भूल घ्यायची म्हणजे उपाशी यायचं की जेवून?
(हा प्रश्न तीन-चार जणांनी विचारलाय)

उत्तर: जेवून. ह्या भुलीनं तुम्ही झोपत नाही, फक्त ती जागा बधिर होते, त्यामुळं ऑपरेशनसारखं उपाशी राहायचं कारण नाही. पहाटे कागवाडहून किंवा सदलग्याहून बस धरून, शुगरची गोळी घेऊन आणि पोटात काही न घालता येणारी माणसं खुर्चीतच गळपटतात आणि मग भूल चढली नाही की भूक लागली हेच कळत नाही. नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊन, सोबत एक माणूस घेऊन या. परत जाताना ओठ जड असेल तर कडक चहा मात्र जरा उशिरा घ्या.